आईच्या ताटातला कोबी

माघ सरत आला की कणकवलीच्या आठवडी बाजारात कोबीचे ढीग लागतात. पहाटे घाट उतरून आलेल्या टेंपोतून ते येतात आणि दुपारपर्यंत त्यांच्या बाहेरच्या पानांना मरगळ येते. आमच्या मातीतला हा जिन्नस नव्हे. आमची म्हणजे तांबडी भाजी, वाली, मुळा. कोबी पाहुणा. मी एक गड्डा उचलते, अंगठ्याने दाबून बघते, घट्ट असला तर घेते. आणि पिशवीत टाकताना दरवर्षी मला चोरट्यासारखं होतं. विकणारा बापडा सुटे पैसे शोधत असतो आणि मी इकडेतिकडे बघते, कोणी ओळखीचं बघतंय का. बघितलं तर काय होणार आहे? कोबीच तर घेतलाय.

हे दिवसच तसे. काजूला बोंडं धरायला लागलेली असतात, रस्त्याच्या कडेने जाताना त्यांचा आंबूस वास येतो. घराघराच्या पडवीत दहावीची पोरं पुस्तक मांडीवर घेऊन पुटपुटत असतात. आणि मालवणकडच्या ख्रिस्ती घरांत करेजम सुरू झालेला असतो, ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे. कोबी, परीक्षा आणि करेजम. माझ्या मनात या तीन गोष्टी एकमेकींना अशा चिकटल्या आहेत की एकीला हात लावावा तर उरलेल्या दोघी ओढल्या जातात.

हल्ली किनाऱ्यावरच्या कुठल्याही हॉटेलात तळलेली सुरमई मागवली की बशीच्या कडेला स्टीलच्या वाटीत पांढरा ओलसर कोबी येतोच. तो कोणी वेगळा मागवत नाही, पण नसला तर लोक वेटरला हाक मारतात. "कोलस्लॉ संपलं का?" पुण्यामुंबईची पोरं किती सहज विचारतात. मी ती वाटी बाजूला सरकवते. बरोबरची माणसं म्हणतात, "आवडत नाही वाटतं?" मी म्हणते, "पचत नाही." आवडतो. फार आवडतो. तीच तर अडचण आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मालवणात आमचं घर किनाऱ्याच्या इतकं जवळ होतं की सकाळी मासळीच्या लिलावाचा आरडाओरडा अंथरुणात ऐकू यायचा. बाबा पंचायत समितीत कारकून. घरात आम्ही तिघंच: बाबा, आई आणि मी. रोज मासे असायचे, आमच्या बोलीत नुस्तां. बांगडे, पेडवे, सौंदाळे, हातात पैसे असले तर सुरमईची तुकडी. आई ते विळीवर साफ करायची, तिरफळं ठेचून आमटी करायची, रवा लावून तळायची, आम्हाला वाढायची आणि स्वतः डाळभात घेऊन बसायची. आमटीतलं मीठ बघायला ती मला हाक मारी. स्वतः कधी चाखत नसे.

मी लहान असताना मला मुदतीचा ताप आला होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणतात. आईचं माहेर धामापूरच्या अलीकडच्या एका वाडीत. तिथल्या देवीपुढे ती उभी राहिली आणि बोलली, "माज्या चेडवाक उठय. मी जल्मभर वशाट तोंडाक लावचंय नाय." मी उठले. तिने आपला शब्द पाळला; वशाट म्हणजे सामिष ते सगळं.

मुलीसाठी असा नवस बोललेली दुसरी बाई आमच्या आळीत नव्हती. माझी आत्या एकदा तिला माझ्यादेखत म्हणाली, "चेडवासाठी इतक्यां? झील असतो तर गोष्ट येगळी." आईने आत्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला. घरी पाहुणे आले की कोणीतरी हमखास विचारायचं, "हीच गो ती? हिच्यासाठी सुशीलान मासळी सोडल्यान?" मग सगळे माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, हे जोखतायत. एवढ्या मोलाची आहे का ही? मी दिसायला बेताची, गणितात कच्ची. समोर तळलेल्या माशाचा वास दरवळत असायचा आणि ताट बाजूला सरकवावंसं वाटायचं. पण मी खायचे. न खाल्लं तर आई म्हणे, "खा गो, तुज्यासाठीच तर."

आपल्याकडे ताट वाढायची रीत आहे. उजवीकडे भाजी-आमटी, डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. पण माशांच्या घरात डाव्या बाजूचं कौतुक कोणाला? तळलेली तुकडी असली की कोशिंबीर कोण करत बसतो? आमच्या ताटांत त्या जागी माशाचे काटे जमत. आईच्या ताटात तिथे काहीच नसायचं. फार तर कैरीची एक फोड.

ही रिकामी जागा पहिल्यांदा बघितली ती लुर्दीनमावशीने.

लुर्दीनमावशी आमची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये कमरेइतका गडगा होता, रचलेल्या चिऱ्यांचा, आणि त्या गडग्यावरून दिवसभर काही ना काही इकडून तिकडे जात असायचं. आमच्याकडून सोलं, तिच्याकडून विनेगर. तिला मूलबाळ नव्हतं. नवरा, पास्कूकाका, बोटीवर कुक. वर्षातले काही महिने घरी, बाकी दर्यावर. ती फुलाफुलांचा झगा घालून अंगणात कोंबड्यांना दाणे टाकी आणि मोठ्या आवाजात त्यांच्याशी भांडे. माझ्या दहावीच्या वर्षी पास्कूकाका नाताळला आला आणि पुन्हा बोटीवर जाण्याआधी बायकोला एक नवा पदार्थ शिकवून गेला.

करेजम सुरू झाला त्या आठवड्यात ती गडग्याशी उभी राहून आईला म्हणाली, "वयनी, जरा चाख मगे. उपासाचां आसा. बोटीर गोऱ्या लोकांका ह्यो लागतोच. मासो असो, कोंबडी असो, बाजूक ह्यो नसलो तर ते ताट परत धाडतत."

"काय म्हणतत ह्याका?"

"कोसलो."

बाबा ओट्यावर पेपर वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "काय कोसळलो?"

सगळेच हसलो. मग आमच्याकडे त्याचं नाव कोसलोच पडलं. बाबा रोज विचारायचे, "आज कोसळलो काय नाय?"

त्या दुपारी आईने तो पांढरा, चकचकीत, सुतासारखा चिरलेला कोबी आपल्या ताटात डाव्या बाजूला घेतला. मी समोर बसले होते. आईला जेवताना आवाज करायची सवय नव्हती. मऊ भात, मऊ डाळ, आवाज कशाचा होणार? त्या दिवशी तिच्या दाताखाली कोबी कुरकुरला आणि ती थांबली. मग पुन्हा चावली. आत मोहरीचा झणका होता, माडाच्या सुरेच्या विनेगरचा आंबटपणा, थोडी साखर, आणि या सगळ्यावर एक गुळगुळीत, जिभेवर पसरणारी चव, जिला आमच्याकडे नाव नव्हतं. आईने वाटी पुसून खाल्ली. आणि मग, मी जन्मात पहिल्यांदाच बघत होते, ती उठली, मागच्या दारी गेली आणि गडग्यापलीकडे हाक मारली, "लुर्दीन, उरलो काय गो थोडो?"

त्यानंतर रोज दुपारी झाकलेली वाटी गडग्यावर यायची. मी पडवीत भूगोल पाठ करत असायची, आणि आत आईचं जेवण चाललेलं असायचं. तो कुरकुर आवाज मला तिथे ऐकू यायचा. किती बरं वाटायचं, काय सांगू. इतक्या वर्षांचं ओझं कोणीतरी एका बाजूने उचलून धरल्यासारखं. आई जेवायला बसायची वाट बघू लागली होती. भांडी घासताना गुणगुणत होती. बाबा म्हणाले, "सुशीला, तुज्या तोंडावर तकाकी इली हा." ती लाजली. मला वाटलं, आता मी मासे खाल्ले तरी चालतील.

आणि मग तिच्या मनात आलं की रोज उठून शेजारणीला किती त्रास द्यायचा. "माका शिकय," ती लुर्दीनमावशीला म्हणाली. "चेडवाची परीक्षा झाली काय मीच करीन."

लुर्दीनमावशी दुसऱ्याच दिवशी सामान घेऊन आली. आमच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसली. कोबी, गाजर, मोहरीची पूड, तेलाची बाटली. मी दाराशी बसले होते, इतिहासाचं पुस्तक उघडून. तिने कोबी असा बारीक चिरला की आई म्हणाली, "तुज्या हाताक सुरी नाय, देव आसा." मग लुर्दीनमावशीने झग्याच्या खिशात हात घातला, एक अंडं काढलं, सकाळचंच, अजून त्याला गवताची काडी चिकटलेली, आणि वाडग्याच्या काठावर टक्कन आपटलं. पिवळा बलक वाडग्यात पडला.

"ह्यां कित्याक गो?" आई म्हणाली.

"ह्याच्याशिवाय कोसलो खंयचो? ह्यां फेटूचां आणि वरसून तेल सोडूचां, थेंब थेंब. घाय केली तर फाटता."

ती फेटायला लागली होती. आईचा हात कोबीच्या ताटावर तसाच होता.

"पयल्यापासून घालतंस?"

"पयल्यापासून." आणि मग तिने वर बघितलं. काटा थांबला. "वयनी?"

आईने तिच्याकडे बघितलंच नाही. आईने माझ्याकडे बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत. मी आहे ना, धड आहे ना, श्वास घेते आहे ना, असं. ती नजर मी विसरलेली नाही. त्या क्षणी मला कळलं की माझं जिवंत असणं हे या घरात कधीच साधं नव्हतं. ते रोज कोणीतरी हातात धरून ठेवलेलं होतं, आणि आता त्या माणसाचा हात सुटला होता.

"तू नुस्तां सोडलंस म्हणान सांगल्लंस," लुर्दीनमावशी म्हणाली. तिचा मोठा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "मटण करणंस नाय तां बघी होतंय. पण अंड्याचां कोण बोलूकच नाय. आमच्या करेजमात अंडां चलता, वयनी. माका वाटलां, तुमचांय तसांच."

"तुजी चूक नाय," आई म्हणाली. ती उठून मागच्या दारी विहिरीवर गेली. पाणी ओढल्याचा, चूळ भरल्याचा आवाज येत राहिला. एक, आणखी एक, आणखी एक. लुर्दीनमावशीने आपलं सामान एकेक करून पिशवीत भरलं. वाडगं तिने पदराखाली घेतल्यासारखं झग्याच्या घोळात धरलं आणि कोणाला न दिसता न्यायचं असावं तशी निघून गेली.

परीक्षेच्या तोंडावर मला कांजिण्या आल्या. पहिले फोड पाठीवर, मग सगळ्या अंगावर. बाबांनी परोपरीने सांगितलं, "अगो, आळीत सगळ्याच पोरांका इल्ले आसत. शाळेतसून इले. तुज्या कोबीचो काय संबंध?" आई ऐकून घेई आणि मान हलवी. पण कांजिण्या म्हणजे आमच्याकडे देवीचा फेरा. आणि ही देवी तिला ओळखत होती. तिने रात्रीचं जेवण सोडलं. मग मीठ सोडलं. दुपारी ती आळणी भात पाण्याबरोबर गिळायची, आणि मी कडुलिंबाच्या पाल्यावर पडून ते बघायची. एक दिवस मी ओरडले, "माज्यासाठी आणखी काय एक सोडू नको! माका नको ह्यां!" ती माझ्या फोडांना पाल्याने वारा घालत राहिली. "तुका कोणी इचारूक नाय," एवढंच म्हणाली.

लुर्दीनमावशी घरात येत नव्हती. पण सकाळी दार उघडलं की पायरीवर कडुलिंबाचे ताजे टहाळे असायचे, नाहीतर दोन शहाळी. गडग्यावरून काहीच येत-जात नव्हतं. तिच्या कोंबड्या मात्र नेहमीसारख्या आमच्या परसात येऊन उकिरत, आणि ती त्यांना हाकलायलासुद्धा पलीकडून आवाज देत नसे.

माझी परीक्षा बुडाली. मी ऑक्टोबरला बसले आणि वर्ष गेलं. जूनमध्ये माझ्या वर्गातल्या मुली एसटीने कणकवलीच्या कॉलेजला जायला लागल्या, तेव्हा मी खिडकीत उभी राहून त्यांना बघायची. खरं सांगायचं तर मला त्या वर्षाचं इतकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते, मी खिडकीत उभी आहे हे आई मागून बघते आहे याचं.

देवीकडे जायचं सुचवलं ते लुर्दीनमावशीने. माझ्या खपल्या पडून गेल्या होत्या. त्याच वर्षीच्या चैत्रातली सकाळ होती, तिचा ईस्टरही होऊन गेला होता. ती पहिल्यांदा पुढच्या दाराने आली, चर्चला जायचा झगा घालून. बसली नाही. बाबांना म्हणाली, "भाऊ, हिका तुमच्या देवीकडे व्हरूया. काय तां इचारून टाकूया. चूक माजी, तर मी सांगतंय."

आम्ही चौघं एसटीने गेलो. देऊळ झाडीत, बाहेर ऊन असलं तरी आत गारवा आणि तेलाचा वास. बाबा वाटेत आईला सांगत होते, "आता इचारतंसच तर नवसातसून सोड म्हणान इचार. चेडू मोठां झालां. पुरे." आई खिडकीबाहेर बघत होती.

गुरव म्हातारा होता. त्याने देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. आमच्याकडे याला कौल लावणं म्हणतात. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावीकडची पडली तर नाही. त्याने विचारलं, "नवस कोणाचो?"

"माजो," आई म्हणाली.

"आणि चूक कोणाची?"

दोघी एकदम बोलल्या, "माजी." आईचा आवाज खाली होता, लुर्दीनमावशीचा देवळात घुमला. गुरवाने तिच्याकडे बघितलं, तिच्या गळ्यातल्या क्रूसाकडे बघितलं. ती आणखी पुढे सरकली. "माजीच. मी खाऊक घातलंय. हिका ठावक नव्हतां. माजां नाव घी. लुर्दीन."

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "आई देवी म्हाराजा, ह्या लुर्दीनबायच्या हातसून अजाणतेपणी चूक झाली आसा, ती पोटात घाल, लेकरांबाळांका सांभाळ." आम्ही म्हटलं, "व्हय म्हाराजा." उजवीकडची पाकळी जवळजवळ लगेचच सुटली आणि खाली आली. लुर्दीनमावशी तिथेच, गाभाऱ्याच्या उंबऱ्यासमोर मटकन बसली आणि झग्याच्या बाहीत तोंड घालून रडली. बाबांनीही डोळे पुसले.

"आणि काय इचारूचां आसा?" गुरवाने विचारलं.

बाबांनी आईकडे बघितलं. मीसुद्धा. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, विचार, सुटून जा, मला पण सोडव. आईने मान हलवली. नाही. पण लुर्दीनमावशी रडता रडता म्हणाली, "हिका आता नुस्तां खावक दी म्हणान इचार." गुरवाने पुन्हा पाकळ्या लावल्या. आम्ही वाट बघितली. पाकळ्या पडल्या नाहीत. ना उजवी, ना डावी. बाहेर ऊन कलायला लागलं. शेवटी गुरव म्हणाला, "देवी काय बोलणा नाय. तुजां तू ठरव."

"मी ठरवलंय," आई म्हणाली. आणि आम्ही परत आलो.

मीठ आणि रात्रीचं जेवण तिने पुन्हा सुरू केलं. नवस तसाच राहिला. गडग्यावरून पुन्हा वाटी यायला लागली. लुर्दीनमावशीने अंड्याऐवजी नारळाचा घट्ट रस घालून बघितला, टांगलेलं दही घालून बघितलं, पास्कूकाकाला पत्र घालून विचारलं. त्या सगळ्या चांगल्या कोशिंबिरी होत्या. आई खायची, वाटी धुऊन परत द्यायची, "बरो झालो हा" म्हणायची. लुर्दीनमावशी तिच्या तोंडाकडे बघत उभी असायची. आईने पुन्हा कधी "उरलो काय गो?" म्हणून हाक मारली नाही, आणि हे आम्हा तिघींनाही कळत होतं. पुढे आळीतल्या लग्नांत तो नारळाच्या रसातला कोबी मानाने वाढला जाऊ लागला. लोक आवडीने दुसऱ्यांदा मागायचे. कोणी लुर्दीनमावशीची स्तुती केली की ती म्हणायची, "खरो असो नसता."

ती जाऊनही आता बरीच वर्षं झाली. बाबाही गेले. मालवणचं घर बंद करून आईला मी कणकवलीला आणलं. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण अंगात ताकद येईना. डॉक्टर म्हणाले, रोज एक अंडं द्या. आईने तोंड फिरवलं. मी खूप समजावलं. "आई, मी आता म्हातारी होत आले. तुझा नवस कधीच फिटला." ती म्हणाली, "आणि तुका काय झालां तर?" इस्पितळातली सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, "दुधातून द्या ना फेटून. तेंका कशाक कळतला?"

परवा बाजारातून कोबी आणला तो त्याच विचाराने. मी बारीक चिरला, मोहरी घातली, विनेगर घातलं. आणि अंडं फोडून वरून थेंब थेंब तेल सोडत फेटलं, लुर्दीनमावशीने केलं होतं तसं. वाटी भरली. आईच्या खोलीत नेईपर्यंत मी ठरवलेलंच होतं की सांगायचं नाही. तिच्याच भल्याचं आहे. ती उशीला टेकून बसली होती. वाटीकडे बघून तिचे डोळे बारीक झाले.

"ह्यात काय काय घातलंस?"

खोटं अगदी ओठावर होतं. "अंडं आहे," मी म्हणाले.

आईने वाटीवर वाकून वास घेतला. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "बरां केलंस सांगलंस तां. लुर्दीनानय सांगल्यान असतां."

"म्हणजे?"

"तिका कोणी इचारलां खंय?" तिने वाटी मांडीवर घेतली. "माका वास येय होतो गो. दुसऱ्या-तिसऱ्या दिसापासून. म्हायेरी कोंबड्यो मीच सांभाळी होतंय, अंड्याचो वास माका कळना नाय? पण मी इचारूक नाय. इचारलां असतां तर सोडूचां लागलां असतां."

मी पलंगाच्या कडेला टेकले.

"मग मन खाऊक लागलां, म्हणान शिकय म्हटलंय. देवळात मी म्हटलंय, माजी म्हणान. पण हळू म्हटलंय. गुरवान तिचां नाव घेतल्यान, आणि मी गप रवलंय. देवीन माफ केल्यान तां लुर्दीनाक. माका खंय केल्यान?" ती खिडकीकडे वळली. "ती मरासर माज्या तोंडाकडे बघी होती. एकदा सांगूक होयां होतां तिका."

बाहेर शेजारचा मुलगा परीक्षेचं काहीतरी मोठ्याने घोकत होता. मी पलंगाच्या कडेला बसले होते. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती त्या देवळातून माझ्यासाठी उपाशी परत आली. तसं नव्हतं, निदान सगळं तसं नव्हतं. मला हलकं वाटलं. आणि समोर आई अशी बसलेली असताना आपल्याला हलकं वाटावं याची इतकी लाज वाटली की मला मान वर करता येईना.

आईने वाटी माझ्याकडे सरकवली.

"खा तू. नायतर पाणी सुटतलां तेका."

मी खाल्लं. फार चांगला झाला होता.